हजेरी आणि राजीनामे

कंपनी सोडून जाणाऱ्या माणसाशी शेवटच्या आठवड्यात एक बोलणं होतं. त्याला एक्झिट इंटरव्ह्यू म्हणतात. पुण्यातल्या आयटी कंपन्यांच्या एचआर विभागात मी वीसेक वर्षं काम करते आहे आणि त्यातली बरीच वर्षं हे बोलणं माझ्या वाट्याला आलं आहे. समोर एक फॉर्म असतो. त्यात कारणांची यादी असते: चांगली संधी, उच्च शिक्षण, परदेशी जाणं, लग्न, वैयक्तिक कारण. माणूस त्यातलं एक निवडतो, मॅनेजर चांगले होते म्हणतो, खूप शिकायला मिळालं म्हणतो. त्याला रिलीव्हिंग लेटर हवं असतं, पुढची कंपनी चौकशी करणार असते, फुल अँड फायनलचे पैसे यायचे असतात. अशा वेळी खरं बोलून वाईटपणा कोण घेईल? खरं कारण कळतं ते लॅपटॉप, चार्जर, हेडसेट आणि आयडी कार्ड जमा करून झाल्यावर, लिफ्टपर्यंत सोडायला गेलं की.

2023 च्या दिवाळीच्या सुमाराला आमच्या कंपनीत ऑफिसला येणं सक्तीचं झालं. आधी आठवड्यातून तीन दिवस, पुढे पाच. त्यानंतर लिफ्टपाशी जे ऐकलं, ते मला लिहून ठेवायचं आहे, कारण फॉर्मवर त्यातलं जवळजवळ काहीच आलेलं नाही.

घरून काम कसं सुरू झालं हे आता अनेकांच्या लक्षातही नाही. 2020 च्या मार्चमध्ये आमची इमारत हिंजवडीच्या फेज तीनमध्ये, सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, हद्दीत होती. सेझमध्ये यंत्रसामग्री करमुक्त येते, त्यामुळे साधा मॉनिटर गेटबाहेर न्यायचा तरी कागद लागतो. जनता कर्फ्यूच्या आधीच्या त्या आठवड्यात आम्ही रात्री उशिरापर्यंत गेटवर उभं राहून एकेका सीपीयूचा अनुक्रमांक रजिस्टरमध्ये उतरवून घेत होतो. लॅपटॉप सगळ्यांना पुरणार नव्हते, म्हणून डेस्कटॉपच चादरीत गुंडाळून टेंपोत चढत होते. कोणी वाकडला, कोणी कात्रजला, कोणी थेट बीडला घेऊन गेलं. त्या गर्दीत आम्हाला वाटत होतं की हे दोन-तीन आठवड्यांचं काम आहे.

दोन वर्षं गेली. माणसं गावाकडे गेली ती तिथेच रुळली. कोणी आईवडिलांच्या घरावर मजला चढवला, कोणी इन्व्हर्टर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट घेतलं, मुलांची नावं लातूरच्या, सांगलीच्या शाळेत घातली. पुण्यातली भाड्याची घरं सोडून डिपॉझिट परत घेतलं. माणसानं आयुष्याची मांडामांड नव्यानं केली, आणि ती चोरून केली नव्हती. कंपनीला सगळं माहीत होतं. पगाराच्या स्लिपवरचा पत्ता आम्हीच बदलून देत होतो.

त्या काळात राजीनाम्यांचा पूर होता. इन्फोसिससारख्या कंपनीत वर्षभरात सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण 2022 च्या जून तिमाहीत 28.4 टक्क्यांवर गेलं होतं; टीसीएसमध्ये त्याच वर्षीच्या सप्टेंबर तिमाहीत 21.5 टक्क्यांवर. आमच्यासारख्या मधल्या आकाराच्या कंपनीचे हाल विचारूच नका. एकेका उमेदवाराच्या हातात तीन-तीन ऑफर असायच्या आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. म्हणून भरती करताना सर्रास सांगितलं जाई, "लोकेशन कुठलंही चालेल." नागपूर, जळगाव, कोल्हापूर, जिथून मिळेल तिथून माणूस घ्यायचा. पण ऑफर लेटरमध्ये ओळ जुनीच होती: बेस लोकेशन पुणे. ती कोणी वाचली नाही. वाचली त्यांना "ते फॉरमॅटमध्ये आहे, काळजी करू नका" असं उत्तर मिळालं. पुढे सक्तीचा आदेश निघाला तेव्हा कंपनीनं बोट ठेवलं ते याच ओळीवर. कायद्यानं कंपनीचं म्हणणं बरोबर होतं. पण तोंडी दिलेल्या शब्दावर विसंबून ज्यांनी हातची दुसरी नोकरी नाकारली होती, त्यांच्यापुढे कायद्याचं बोलणं मला जड गेलं.

2023 उजाडेपर्यंत वारं फिरलं. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या क्लायंटनी खर्च आखडता घेतला, नवे प्रोजेक्ट लांबले, बाजारातल्या ऑफर आटल्या. सेझच्या नियमांत 2022 च्या जुलैत घरून कामाची तरतूद आली होती आणि पुढे 31 डिसेंबर 2023 पर्यंत सगळ्या कर्मचाऱ्यांना घरून काम करू देण्याची मुभा मिळाली होती. आता ती तारीखही जवळ येत होती. टीसीएसनं 2020 मध्ये जाहीर केलं होतं की 2025 पर्यंत एका वेळी जेमतेम पाव कर्मचारी ऑफिसात लागतील. त्याच टीसीएसनं 2023 च्या ऑक्टोबरपासून पाचही दिवस ऑफिसला बोलावलं. विप्रोनं नोव्हेंबरच्या मध्यापासून आठवड्याचे तीन दिवस ठरवले. मोठ्यांनी पाऊल टाकलं की मधले मागे निघतातच. आमचा आदेश त्या हिवाळ्यात निघाला.

महिनाभराची मुदत होती. मला तेव्हाही ती खटकली होती आणि आजही खटकते. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. नोव्हेंबरात माणसाला पुण्याला या म्हणायचं म्हणजे एक तर मुलाची शाळा मध्येच तोडायची किंवा बायकामुलांना गावी ठेवून स्वतः हिंजवडीत पीजीमध्ये कॉट घ्यायची. हाच आदेश मेमध्ये अंमलात येईल असं जानेवारीत सांगितलं असतं, तर किती जण राहिले असते याचा हिशेब कोणी केला नाही. मी बैठकीत हे मांडलं होतं. क्लायंटची तारीख, बाकीच्या कंपन्यांची तारीख, लीजची तारीख अशा सगळ्या तारखांवर तिथे चर्चा झाली. शाळेची तारीख मिनिट्समध्ये आली नाही.

आता यातल्या ज्या माणसाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, तो लातूरजवळच्या गावातला. विमा क्षेत्रातल्या एका क्लायंटचं बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर तो दहा-बारा वर्षं सांभाळत होता. असल्या कामाला ग्लॅमर नसतं. महिनाअखेरीला रात्री एक बॅच चालते, ती अडली की त्याला फोन जातो, तो पंधरा मिनिटांत कुठे काय अडलंय ते सांगतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याचे वडील गेले, शेती आणि आई त्याच्यावर आली. गावाकडून त्यानं एकही महिनाअखेर चुकवली नाही. आदेश आल्यावर त्यानं मेल लिहिला. दर महिन्याचा शेवटचा आठवडा पुण्यात येऊन राहतो, स्वतःच्या खर्चानं राहतो, बाकीचं गावाहून करतो, एवढंच मागणं. मॅनेजरनं शिफारस केली. उत्तर आलं, धोरणात अपवाद नाही. त्यानं पेपर टाकला.

नव्वद दिवसांच्या नोटिशीत त्यानं मन लावून केटी, म्हणजे कामाची माहिती, दिली. सेशन रेकॉर्ड केली, कागद लिहून दिले. तरी तो गेल्यावरच्या दुसऱ्याच महिनाअखेरीला बॅच अडली आणि टीममधल्या कोणाला कळेना. शेवटी मॅनेजरनं त्यालाच फोन लावला. तो दुसऱ्या कंपनीत रुजू झाला होता, पूर्ण घरून काम देणाऱ्या. त्यानं फोन उचलला, सांगितलं, आणि नंतरही काही महिने सांगत राहिला. त्याच्या जागी आलेल्या माणसाचा पगार त्याच्याहून बराच जास्त होता. हे आकडे माझ्याकडे होते, कारण दोघांची पत्रं माझ्याच हातून गेली.

व्यवस्थापनाची बाजू मी नीट जाणते आणि त्यातला बराच भाग मला पटतोही. नवी मुलं घरी बसून शिकत नव्हती, हे खरंच आहे. सोलापूरहून आलेला एक मुलगा 2021 मध्ये कॅम्पसमधून लागला. दीड वर्षात त्यानं आपल्या टीम लीडचा चेहरा पाहिला नव्हता; कॅमेरे बंद असायचे. शंका विचारायची तर चॅटवर टाइप करायची, आणि टाइप करताना ती मूर्खपणाची वाटायला लागून तो पुसून टाकायचा. घरात दोन खोल्या, आजोबांचा टीव्ही, बाजूला मिक्सर. आदेश आला तेव्हा तो मनापासून आनंदला. अशी पुष्कळ मुलं होती. बँकिंगच्या काही प्रोजेक्टमध्ये तर क्लायंटचा डेटा बंद खोलीबाहेर जाता कामा नये, तिथे वादाला जागाच नाही.

पण त्या सोलापूरच्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. तो रोज यायला लागला. बस पकडायला सातला बाहेर पडायचा, नऊला जागेवर. ज्याच्याकडून शिकायचं तो टीम लीड पहिल्या तिमाहीतच सोडून गेला. दुसरी अनुभवी बाई बेंगळुरूच्या ऑफिसात बसायची. उरलेला आर्किटेक्ट नोटिशीवर होता. मुलगा हेडफोन लावून पुन्हा स्क्रीनवरच बोलत होता, फक्त आता ऑफिसच्या क्युबिकलमधून. ज्यांच्या सहवासासाठी नव्या मुलांना बोलावलं, ती माणसं त्याच आदेशानं निघून गेली. या सगळ्या प्रकरणातलं हे मला सर्वांत जिव्हारी लागलेलं आहे आणि अजून त्याचं उत्तर कोणी मला दिलेलं नाही. अनुभवी माणसाला दुसरीकडे मागणी असते, त्याच्या घरी आईवडील आणि मुलं दोन्ही असतात, आणि आपलं काम कुठूनही होतं हे त्यानं दोन वर्षं सिद्ध केलेलं असतं. त्यामुळे पहिला तोच जातो.

नोकरी सोडण्याचा एकूण आकडा मात्र काही वेगळंच दाखवत होता. 2024 च्या मार्चपर्यंत टीसीएस आणि इन्फोसिस दोन्हींचा दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास उतरला होता. आमचाही निम्म्यावर आला. आढावा बैठकीत तो आलेख पडद्यावर आला आणि एका वरिष्ठांनी समाधानानं म्हटलं, "बघा, ऑफिसला बोलावलं म्हणून कोणी गेलं नाही." आकडा खरा होता. तो उतरला होता बाजारात नोकऱ्या नव्हत्या म्हणून. मी त्याच राजीनाम्यांची दुसरी मांडणी करून नेली होती: अनुभव किती, बाई की पुरुष, घर ऑफिसपासून किती लांब. एकूण रेघ खाली आली होती, पण त्या रेघेच्या आत दहा वर्षांवरच्या माणसांचा, बायकांचा आणि लांबून येणाऱ्यांचा वाटा फुगला होता. ती स्लाइड वेळेअभावी पुढच्या बैठकीवर गेली.

पुढे 2024 च्या जूनमध्ये स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम यांचा अभ्यास 'नेचर'मध्ये आला तेव्हा मी तो रात्री बसून वाचला. चीनमधल्या ट्रिपडॉटकॉम कंपनीतल्या 1,612 कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला होता. वाढदिवस विषम तारखेचा असेल त्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम, सम तारखेवाल्यांना पाचही दिवस ऑफिस. ज्यांना दोन दिवस मिळाले त्यांच्यात राजीनामे तिसऱ्या हिश्शानं कमी झाले, कामाच्या दर्जात आणि बढत्यांमध्ये काही फरक पडला नाही. आणि कमी झालेले राजीनामे कोणाचे होते? बायकांचे, मॅनेजर नसलेल्यांचे, आणि लांबून येणाऱ्यांचे. माझ्या अडकलेल्या स्लाइडवर जवळपास तेच रकाने होते.

बायकांबद्दल थोडं सविस्तर लिहिते. टीसीएसच्या 2022-23 च्या वार्षिक अहवालात त्यांच्या तेव्हाच्या मनुष्यबळ प्रमुखांनी लिहिलं होतं की एरवी स्त्रियांचं नोकरी सोडण्याचं प्रमाण पुरुषांइतकं किंवा कमी असायचं, ते त्या वर्षी जास्त झालं. महामारीत घरून काम करताना काहींच्या घरची व्यवस्थाच बदलून गेली असावी, असा त्यांचा अंदाज होता. हे वाचून आमच्याकडे काही जण म्हणाले, बायकांना आता घरीच बरं वाटतं. मला भेटलेल्या बायकांना घरी बरं वाटत नव्हतं. त्यांना नोकरी हवी होती, जिवापाड हवी होती.

धायरीहून येणारी एक टेस्टिंग लीड होती. सासऱ्यांना कंपवात. त्यांची औषधं ठरल्या वेळी गेली नाहीत तर हातपाय आखडतात. सांभाळणाऱ्या मावशी साडेपाचला निघतात. धायरी ते हिंजवडी म्हणजे सकाळी दीड तास, संध्याकाळी वाकडचा पूल आणि भूमकर चौक ओलांडताना किती लागेल याचा नेम नाही. मेट्रोचं भूमिपूजन 2018 च्या डिसेंबरात झालं होतं, पण आदेश निघाला तेव्हा रस्त्यात मेट्रोचे खांब होते, मेट्रो नव्हती. तिनं पूर्ण घरून काम मागितलंच नाही. रोज येते म्हणाली. सातच्या बसनं येते, साडेतीनला निघते, अमेरिकेबरोबरचे कॉल रात्री घरून घेते. काम नऊ तासांहून जास्तच भरत होतं. पण यंत्रणा मोजत होती ते गेटवरच्या पहिल्या स्वाइपपासून शेवटच्या स्वाइपपर्यंतचे तास. काही मुलं स्वाइप करून टपरीवर चहा पिऊन परत जायची, म्हणून ही तासांची अट आली होती. त्या मुलांसाठी केलेली अट हिला लागली. महिन्याच्या शेवटी तिच्या नावापुढे लाल रंग आणि मॅनेजरला आपोआप मेल.

तीन महिने लाल रंग पाहून ती माझ्याकडे आली. रडली वगैरे नाही. म्हणाली, "मॅडम, माझ्या कामाबद्दल कोणाची तक्रार असेल तर सांगा, मी सुधारते. हे मी सुधारू शकत नाही." तिच्या कामाबद्दल तक्रार नव्हतीच, त्याच वर्षी तिला सर्वांत वरचं रेटिंग होतं. तिनं कर्वेनगरमधल्या एका छोट्या कंपनीत कमी पगारावर नोकरी घेतली. फॉर्मवर "वैयक्तिक कारण" निवडलं. पगार वाढवून घेऊन माणूस जातो तेव्हा कंपनीला काउंटर ऑफर तरी देता येते. पगार कमी घेऊन जाणाऱ्याला आपण काय देणार?

सूट देण्याचाही प्रयोग झाला. काही मॅनेजरांनी गुपचूप दोघा-तिघांना सूट दिली आणि टीममध्ये सांगू नका म्हणाले. अशी गोष्ट एक आठवडा लपत नाही. मग ज्यांना नियम जाचत नव्हता तेही चिडले. एका चांगल्या डेव्हलपरनं केवळ एवढ्यावर राजीनामा दिला. तो बावधनला राहायचा, वीस मिनिटांत यायचा. "यायला माझी ना नाही, पण त्याला वेगळा नियम का, हे कोणीतरी तोंडावर सांगायला पाहिजे होतं," असं तो म्हणाला. सूट मिळण्याचे निकष लिहून भिंतीवर लावले असते तर तो राहिला असता असं मला वाटतं.

आणि एक गोष्ट, जी कोणत्याच मिनिट्समध्ये येत नाही. "यानिमित्तानं काही जण आपणहून गेले तर बरंच आहे," हे वाक्य मी बंद दाराआड ऐकलेलं आहे. प्रोजेक्ट कमी, माणसं जास्त, कपात जाहीर केली तर वर्तमानपत्रात नाव येतं. मला हे अप्रामाणिक वाटतं आणि धंद्याच्या दृष्टीनंही चुकीचं वाटतं. कपात करायची तर कोणाला ठेवायचं हे कंपनी ठरवते, जाणाऱ्याला नुकसानभरपाई देते. माणसांना असं हैराण करून घालवलं की कोण जाणार हे बाजार ठरवतो, आणि बाजार चांगल्यांना आधी उचलतो.

याच काळात आमच्याकडे एक टीम जवळजवळ शाबूत राहिली. तिच्या डिलिव्हरी मॅनेजरनं आदेशाविरुद्ध चकार शब्द काढला नाही. त्यानं क्लायंटकडून लेखी आणलं की टीम कुठूनही काम करू शकते, आणि त्या जोरावर आठवड्याचे दोन दिवस ठरवून घेतले. मंगळवार आणि बुधवार, पूर्ण टीम, एका ओळीत. त्या दोन दिवशी दुपारपर्यंत कोणताही कॉल नाही. जुने नव्यांच्या शेजारी बसत, कोड एकत्र वाचत, जेवायला एकत्र जात. बाकीचे तीन दिवस ज्याचं त्यानं बघावं. गावाकडचे दोघं सोमवारी रात्रीच्या बसनं येत आणि बुधवारी रात्री परतत. दमणूक होतीच, पण येण्याला कारण होतं. या टीममधली नवी मुलं लवकर तयार झाली. दुसऱ्या एका टीमनं तसंच करायचा प्रयत्न केला, तिथे अर्धी माणसं हैदराबादला असल्यानं जमलं नाही. सगळीकडे चालेल असा उपाय माझ्याकडे नाही.

अलीकडे आणखी एका विभागासाठी पाच दिवसांचा आदेश निघायचा होता. यावेळी मी आधीच प्रत्येक मॅनेजरकडे गेले आणि दोन प्रश्न विचारले: कोणाला येणं जमणार नाही, आणि त्या माणसाला असं काय येतं जे दुसऱ्या कोणाला येत नाही? यादी वाटलं होतं त्यापेक्षा छोटी निघाली, आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक नाव असं होतं की मॅनेजर ते सांगताना थांबला. ती यादी मी थेट वर नेऊन ठेवली. बैठक बरीच लांबली. तारीख पुढच्या मेवर ढकलली गेली आणि यादीतल्या बहुतेकांना लेखी निकषांवर दोन दिवसांची मुभा मिळाली. एका सीनियर मुलीला मिळाली नाही, कारण तिच्या क्लायंटचं काम बंद खोलीतलं आहे. तिनं पेपर टाकला आहे. तिची नोटीस पुढच्या महिन्यात संपते आणि तिच्या जागी घ्यायच्या माणसाचे इंटरव्ह्यू मी सध्या घेते आहे. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, ऑफिसला किती दिवस यावं लागेल. मी पाच सांगते, ऑफर लेटरमधली ती ओळ त्यांना वाचून दाखवते आणि विचार करून दोन दिवसांनी कळवा म्हणते.